६१ टॅब, ४ जीबी रॅम: इंदूरच्या एका वधू-वर केंद्रातलं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग भागात एका मराठी मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र चालतं. मंडळाचं किंवा माणसांचं नाव इथे घेत नाही. स्थळांची कामं नाजूक असतात. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर, एवढाच पसारा. काम बघतात त्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. टायपिंग झपाट्याचं, हिशेब चोख, आणि कुठल्या मुलीच्या आत्याचं सासर धारला आहे हे वहीत न बघता सांगतील. नोंदणी इंदूर, देवास, उज्जैन, धार इथल्या घरांची. स्थळं मात्र पुण्या-नागपूरपासून बडोदा-ग्वाल्हेरपर्यंत बघितली जातात. दर जानेवारीत परिचय मेळावा असतो आणि त्याची पुस्तिका डिसेंबर संपायच्या आत छापखान्यात जावी लागते.

मी अशा आठ-दहा लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. केंद्राचं मशीन २०१७ साली सिल्वर मॉलमधून जुळवून घेतलेलं: सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी), १ टीबीची हार्ड डिस्क, ६४ बिटांचं विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे पडद्यासाठी लागणारी मेमरीसुद्धा त्याच ४ जीबीतून जाते. घेतलं तेव्हा ते पुरायचं, कारण तेव्हा बायोडेटा कागदावर येत.

आता सगळं ब्राउझरमध्ये येतं. नोंदणीची वेबसाइट, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, ड्राइव्हवरचे फोटो, पत्रिका मांडून देणारी फुकट साइट. काकू दिवसभर क्रोममध्ये असतात. त्याच्या बाहेर त्या फक्त मशीन बंद करायला येतात.

अडचण

तुळशीचं लग्न झालं की स्थळांचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये काकूंचा फोन आला. “अरे, हे मशीन दुपारी दोननंतर माझ्याशी बोलतच नाही.”

जाऊन बघितलं तर वर्णन अगदी खरं होतं. सकाळी ठीक. जेवणानंतर मात्र ‘कुलकर्णी’ टाइप करायचं, चष्मा पुसायचा, मग पडद्यावर एकेक अक्षर उगवणार. डब्यातून हार्ड डिस्कची बारीक करकर अखंड चालू, पुढचा लाल दिवा विझायचं नाव नाही. मधूनच एखादा टॅब पांढरा होऊन ‘ऑ, स्नॅप’चा चेहरा दाखवायचा, आणि एक गेला की त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा जायचे. अर्धवट भरलेला फॉर्म गेला की पुन्हा पहिल्यापासून. त्या आठवड्यात एका मुलाची माहिती काकूंनी तीनदा भरली होती.

माझ्या आधी मंडळातल्या कुणाच्या तरी भाच्याने हात मारून घेतला होता. त्याने हिस्टरी, कुकीज, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती) सगळं पुसलं आणि ‘रॅम मोकळी करणारा’ एक प्रोग्राम टाकला. इंदूरात चारातली तीन माणसं हेच करतात, म्हणून त्यावर थोडं लिहितो. ब्राउझरची कॅशे मुख्यतः डिस्कवर असते. ती पुसल्याने डिस्कवर जागा होते, रॅमवर फरक जवळजवळ पडत नाही. उलट पानं पुन्हा नेटवरून उतरवावी लागतात, आणि कुकीज पुसल्या की सगळी लॉगिनही जातात. रॅम मोकळी करणारे प्रोग्राम काय करतात, तर चालू कामांचा मेमरीतला डेटा जबरदस्तीने बाहेर ढकलतात. मीटरवरचा आकडा खाली येतो, मनाला बरं वाटतं, आणि पुढच्याच क्लिकला तोच डेटा डिस्कवरून परत ओढून आणावा लागतो. भाच्याच्या भेटीनंतर मशीन आणखी मंद झालं ते ह्यामुळे. तो प्रोग्राम मी लगेच काढला.

पहिला उपाय, जो माझा होता आणि फसला

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टॅब इतके दाटले होते की नावं दिसतच नव्हती, फक्त चिमुकली चिन्हं. मोजले: ६१. मला वाटलं, रोग सापडला. काकूंना न विचारता मी सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये साठवले, बंद केले, क्रोमचा मेमरी सेव्हर चालू केला आणि चहा घेऊन निघालो. पंधरा मिनिटांचं काम.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज वेगळा होता. “माझी सगळी स्थळं गेली.”

झालं होतं असं. काकूंनी बुकमार्क फोल्डरमधून सगळे टॅब एकदम उघडून पुन्हा पहिल्यासारखी रांग लावली होती. मेमरी सेव्हर २०२२ च्या डिसेंबरपासून क्रोममध्ये आहे. बराच वेळ न वापरलेल्या टॅबचं पान तो मेमरीतून काढून टाकतो. पट्टीवर टॅब दिसत राहतो, त्यावर क्लिक केलं की पान नव्याने लोड होतं. बातम्यांच्या साइटला ह्याने काही बिघडत नाही. पण नोंदणीच्या वेबसाइटचं लॉगिन काही वेळाने संपायचं. काकू जेवून आल्या, एका टॅबवर क्लिक केलं, पान नव्याने मागवलं गेलं, साइटने ‘लॉगिन करा’ म्हणून दुसरीकडे वळवलं, लॉगिन केल्यावर साइटच्या पहिल्या पानावर नेऊन सोडलं. मुलीची माहिती उघडलेली होती त्या टॅबवर आता नुसतं मुखपृष्ठ. पुढचा टॅब, तेच. तिसरा, तेच. घाबरून त्यांनी वीस-पंचवीस टॅबवर क्लिक केलं आणि सगळ्यांची मुखपृष्ठं झाली.

माहिती गेली नव्हती, साइटवर होतीच. आधी उघडलेल्या पानांचे पत्तेही क्रोमच्या हिस्टरीत होते. ती ९० दिवस राहते. कंट्रोल-एच दाबून एकेक पत्ता शोधत संध्याकाळी सातपर्यंत बसलो. पण गेली होती ती दुसरीच गोष्ट, आणि ती मला काकूंनी सांगितली तेव्हा कळली. “डावीकडची ही नागपूरची. मग पुण्याची नोकरीवाली. इथून पुढे ज्यांना पत्रिका पाठवलीय पण उत्तर नाही. आणि ही शेवटची आठ जमत आलेली, ह्यांना हात लावायचा नाही.”

त्या ६१ टॅबना मी कचरा समजलो होतो. काकूंसाठी ती कामाची वही होती. प्रत्येक टॅब म्हणजे एक अडकलेलं काम, आणि त्याची पट्टीवरची जागा म्हणजे ते काम कुठपर्यंत आलंय. ह्या रांगेचा अर्थ दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता.

मोजमाप

दुसऱ्यांदा मी काही न बदलता एक अख्खा दिवस काकूंच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं, पण ‘टॅब जास्त आहेत’ हे उत्तर इतकं समोर होतं की पुढे बघावंसं वाटलं नाही.

दोन ठिकाणचे आकडे टिपले. एक, विंडोजचा टास्क मॅनेजर. त्यात मेमरीच्या पानावर ‘किती टक्के वापरात’ हा मोठा आकडा सगळे बघतात. तो फसवा आहे. विंडोज मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही, फायली आधीच आणून ठेवायला वापरते, त्यामुळे थोडीफार भरलेली रॅम हा आजार नव्हे. बघायचा तो त्याखालचा ‘कमिटेड’ आकडा: सगळ्या प्रोग्रामांना मिळून किती मेमरीचं वचन दिलंय आणि वचनाची कमाल मर्यादा किती. दुपारी साडेचारला तिथे १०.४ / ११.६ जीबी होतं. मशीनमध्ये रॅम ४ जीबी. उरलेला भार पेज फाइलवर, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या राखीव जागेवर. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून एखादी गोष्ट शोधून आणायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. हा फरक एक लाख पटींचा. ‘कुलकर्णी’ उशिरा का उगवायचे, ते ह्यात आलं.

दुसरं ठिकाण क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर. क्रोममध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं की उघडतो आणि कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किती मेमरी खातंय ते वेगवेगळं दाखवतो. हा फारसा कुणाला माहीत नसतो.

इथे जरा मागे जाऊन ब्राउझर असा का वागतो ते सांगणं भाग आहे. पूर्वीचे ब्राउझर सगळी पानं एकाच प्रक्रियेत, म्हणजे एकाच चालू प्रोग्रामात, चालवायचे. एक पान कोसळलं की सगळा ब्राउझर कोसळायचा. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला तो टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून. एका खोलीत आग लागली तर वाडा जळू नये, अशी बांधणी. पण प्रत्येक खोलीला आपली चूल, आपली भांडी लागतात. तशी प्रत्येक प्रक्रियेला आपली जावास्क्रिप्टची मेमरी, आपली तयारी. मग २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची खोट जाहीर झाली. एका साइटचा कोड त्याच प्रक्रियेतल्या दुसऱ्या साइटचा डेटा चोरून वाचू शकेल अशी भीती निर्माण झाली. त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर साइटवार वेगळ्या प्रक्रिया सक्तीच्या केल्या. एकाच पानातली दुसऱ्या साइटची चौकटसुद्धा वेगळ्या खोलीत. ह्याने मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल, असं गुगलने तेव्हाच सांगितलं होतं. फायरफॉक्सही २०२१ मध्ये ह्याच वाटेने गेला. ‘ब्राउझर मेमरी खातो’ ही तक्रार खरी आहे, पण त्यातला मोठा हिस्सा आपण सुरक्षेचं भाडं म्हणून भरतो.

काकूंच्या मशीनवर हे भाडं डोळ्यांनी दिसत होतं. पत्रिका मांडणाऱ्या फुकट साइटचा एक टॅब, आणि यादीत त्याच्याखाली चार-चार ‘सबफ्रेम’, म्हणजे पानातल्या परक्या चौकटी: एक रत्नांची जाहिरात, एक कर्जाची, दोन कसल्या ते कळलं नाही. एका पत्रिकेमागे पाच प्रक्रिया. असे सात टॅब.

नोंदणीच्या साइटचं उलट. रॅम कमी असली की क्रोम प्रक्रियांची संख्या आवरतो आणि एकाच साइटचे अनेक टॅब एका प्रक्रियेत कोंबतो. यादीत सहा-सहा स्थळं एकाच ओळीच्या पोटात दिसत होती. एक कोसळला की पाच-सहा का जायचे, त्याचा उलगडा इथे झाला.

फोटोंचं गणित तर मी काकूंना कागदावरच करून दाखवलं. मुलाकडचे फोनमधून काढलेला फोटो ईमेलने पाठवतात. फाइल ३ एमबीची, म्हणून सगळ्यांना वाटतं ३ एमबीच लागणार. पण ती दाबून बारीक केलेली असते. पडद्यावर दाखवायची तर उलगडावी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट: पूर्ण आकारात उलगडला तर ४८ एमबी. ब्राउझर त्यातल्या त्यात काटकसर करतो, समोर नसलेल्या चित्राचं उलगडलेलं रूप टाकूनही देतो. पण ‘नीट बघू दे’ म्हणून पूर्ण आकारात उघडलेले असे नऊ फोटो नऊ टॅबमध्ये होते. काकू कागदाकडे बघत म्हणाल्या, “मुलगा पाहायचा की त्याच्या शर्टाचा धागा?”

आणि मग खरा चोर. यादी मेमरीनुसार लावली तर सगळ्यात वर कुठलाच टॅब नव्हता. एक एक्स्टेन्शन होतं. व्हॉट्सॲपवरून एकाच वेळी शंभर जणांना निरोप पाठवणारं, कुणीतरी हौसेने टाकून दिलेलं. सव्वाअकराला १४० एमबी, दीडला ५२०, साडेचारला ११०० एमबी. निरोप पाठवलेला नसतानाही चढतच होतं. जावास्क्रिप्टमध्ये नको असलेली मेमरी आपोआप परत घेतली जाते, पण अट अशी की तिला कुणी धरून ठेवलेलं नसावं. हे एक्स्टेन्शन आलेला प्रत्येक निरोप, प्रत्येक चित्र कुठल्यातरी यादीत धरून बसत होतं आणि सोडत नव्हतं. मशीन सकाळी ठीक आणि दोननंतर आजारी का, ह्याचं उत्तर टॅबच्या संख्येत नव्हतंच. टॅब सकाळीही ६१ होते.

पर्याय

नवं मशीन घ्यावं, असं मंडळाच्या अध्यक्षांचं, म्हणजे अण्णांचं मत. कोटेशन ३८ हजारांचं आलं होतं. पण मेळाव्याचा हॉल, मांडव, पोहे-जिलेबीचा नाश्ता ह्यांचा खर्च तोंडावर होता, आणि खरेदीसाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो, तो जानेवारीनंतर.

ब्राउझर बदलावा, असं भाच्याचं मत. मायक्रोसॉफ्टच्या एजचा गाभा क्रोमचाच, त्यात टॅब झोपवण्याची सोय २०२१ पासून आहे. फायरफॉक्स मेमरी तंग झाली की स्वतःहून टॅब उतरवतो. दोन्ही चांगले. पण ६१ टॅब, नऊ मोठे फोटो आणि सात जाहिरातखोर पत्रिका कुठल्याही ब्राउझरला ४ जीबीत बसवता आल्या नसत्या, आणि मेळाव्याच्या तोंडावर काकूंच्या हाताला नवी सवय लावायची माझी हिंमत नव्हती.

रॅम वाढवून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकणं पाच हजारांच्या आत बसत होतं आणि अण्णांच्या अधिकारात होतं. चौथा पर्याय कुणी मांडला नव्हता: काकूंची रांग टॅबमधून बाहेर काढून दुसरीकडे कुठेतरी लिहिणं. त्याला पैसे लागत नव्हते, काकूंची संमती लागत होती, आणि पहिल्या फेरीनंतर ती मागायला मला तोंड नव्हतं.

काय केलं

एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढलं. ह्यावर काकूंनी वाद घातला नाही, कारण मी त्यांना त्याची परवानगी वाचून दाखवली: तुम्ही उघडता त्या सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे. मुलींचे फोन नंबर आणि जन्मवेळा असलेली पानं कुणीतरी तिऱ्हाईत वाचू शकतो, हे कळल्यावर मेमरीचा मुद्दा बाजूलाच पडला. शिवाय घाऊक आणि यांत्रिक निरोप व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो. केंद्राचा तोच एक नंबर सगळ्या इंदूरला पाठ. आता काकू व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरतात. ज्यांनी नंबर जपून ठेवलाय त्यांनाच तो निरोप जातो, आणि तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला कमिटेड आकडा ७.९ होता. सुधारला, पण ४ जीबीच्या मशीनला तोही झेपणारा नव्हता.

इथे एक निर्णयाचा क्षण होता. शास्त्र म्हणतं एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी रॅम, मग दोन दिवस बघा, मग एसएसडी. पण पुस्तिकेला तीन आठवडे उरले होते आणि मशीन दोनदा उघडणं म्हणजे दोन दिवस केंद्र बंद. म्हणून एका रविवारी दोन्ही केलं. बोर्डावरच्या रिकाम्या खाचेत ८ जीबीची पट्टी बसवली, एकूण १२ झाली. जुन्या डिस्कवरची १६० जीबी माहिती ५०० जीबीच्या एसएसडीवर जशीच्या तशी उतरवली. जुनी डिस्क कपाटात ठेवली, बॅकअप म्हणून. फरक सोमवारी सकाळीच दिसला, पण त्यात रॅमचं श्रेय किती आणि एसएसडीचं किती हे मला आजही आकड्यांत सांगता येणार नाही.

मेमरी सेव्हर चालूच ठेवला, पण नोंदणीची साइट त्याच्या ‘कायम जागं ठेवा’ यादीत घातली. आणि ती ‘जमत आलेली आठ’ पिन केली, म्हणजे पट्टीच्या डाव्या टोकाला पक्की लावली. पिन केलेल्या टॅबना मेमरी सेव्हर हात लावत नाही. काकूंनाही तेच हवं होतं.

राहिली रांग. मी स्प्रेडशीटचा विषय काढला तर काकू म्हणाल्या, “म्हणजे पुन्हा दोनदा लिहायचं?” आणि गोष्ट तिथेच थांबली. ती पुढे सरकली ती कपाटामुळे. जुन्या डिस्कला जागा करताना मागच्या कप्प्यात रेक्झिनच्या पुठ्ठ्याची एक वही निघाली, काकूंच्या आधी काम बघणाऱ्या काकांची. हाताने आखलेले रकाने: नोंदणी क्रमांक, कुणास दाखविले, पत्रिका दिली, पत्रिका जुळली, बघण्याचा कार्यक्रम, होकार/नकार, शेरा. शेऱ्यात लाल शाईने ‘मामांचे उत्तर यावयाचे’ असलं काहीबाही. काकू ती वही उभ्या उभ्या वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे रकाने कर.”

तेच केले, एका ऑनलाइन शीटमध्ये, एक रकाना वाढवून: त्या स्थळाच्या पानाची लिंक. पट्टीवरच्या टॅबचा पत्ता उचलायचा, ओळीत टाकायचा, टॅब बंद करायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ३४ टॅब ह्या नव्या वहीत घातले. चौदा स्थळांची लग्नं किंवा नकार केव्हाच होऊन गेले होते. ते टॅब नुसतेच उभे होते. फोटोंसाठी साधा नियम: पूर्ण आकारात उघडलात तर बघून लगेच बंद.

निकाल

डिसेंबरच्या मध्यावर उघडे टॅब १५ ते २०, त्यात ती आठ आलीच. साडेचारचा कमिटेड आकडा ६ जीबीच्या आसपास, सगळा रॅममध्ये मावणारा. पुढच्या पंधरवड्यात एकही टॅब कोसळला नाही. पुस्तिका छापखान्यात दोन दिवस उशिरा गेली, पण त्याला कारण कॉम्प्युटर नव्हता. उज्जैनचे चार बायोडेटाच उशिरा आले.

सगळं सुटलं असंही नाही. फेब्रुवारीत गेलो तेव्हा टॅब पुन्हा ३८ झाले होते. काकू म्हणाल्या, हंगाम आहे. मशीन मात्र चालत होतं, आणि ३८ पैकी ३० वहीतही होते. मी काही बोललो नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक उघड आहे: मोजायच्या आधी औषध दिलं. क्रोमचा टास्क मॅनेजर पहिल्याच भेटीत दोनदा, सकाळी आणि दुपारी, उघडला असता तर एक्स्टेन्शन तेव्हाच पकडलं गेलं असतं. एकदाच बघून कळलं नसतं. सकाळी ते १४० एमबीचं निरागस ओझं होतं. गळती एका आकड्यात दिसत नाही, दोन आकड्यांमधल्या फरकात दिसते.

दुसरी, टॅब कुणाचे आणि कशासाठी उघडे आहेत हे न विचारता बंद केले. ह्यात तांत्रिक असं काहीच नाही, आणि नुकसान सगळ्यात जास्त ह्यानेच झालं. आता कुठल्याही नव्या ऑफिसात टॅबची गर्दी दिसली की मी आधी विचारतो, “ह्यातलं कुठलं बंद केलं तर काम अडेल?” अकाउंटंटकडे, वकिलाकडे, शाळेच्या ऑफिसात, कुणीतरी आपली रांग पट्टीवर मांडलेली असतेच.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं अजून पक्कं मत नाही. सातव्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख आम्ही रॅम घेतली तेव्हा जाहीरच होती, मला माहीतही होती, पण मेळाव्याच्या घाईत मी ती अण्णांपुढे ठेवली नाही. ठेवली असती तर कदाचित त्यांनी आणखी महिनाभर कळ काढून नवं मशीन घेतलं असतं. एसएसडी नव्या मशीनमध्येही कामी येईल. रॅमची पट्टी बसेलच असं नाही. दुसऱ्या बाजूने बघितलं तर त्या पट्टीवर एक मेळावा आणि जवळजवळ वर्ष निघालं. सध्या वर्षभराच्या वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय घेऊन वेळ मारून नेली आहे.

नव्या मशीनचा ठराव गेल्या बैठकीत मंजूर झाला. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये ८ जीबी रॅम लिहून आली होती. ती खोडायला लावून १६ केली. काकूंनी एवढंच विचारलं, “माझी आठ तिकडे येतील ना?” आधीच्या आठातली दोन लग्नं मेमध्ये लागली. त्यांच्या जागी देवासची दोन बसली आहेत.